जात्याचा खुंटा आणि एआय: चित्र आपलं कसं राहील

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "ताई, तीन महिने एआयवर प्रयोग करतेय. कॉलेजमध्ये सर म्हणतात वापरू नका. इंटर्नशिपला जाते तिथे म्हणतात, संध्याकाळपर्यंत दहा पर्याय द्या. चित्रं छान दिसतात, पण ती माझी वाटत नाहीत. माझं काय चुकतंय?"

तू मशीनला फार लवकर बोलावतेस. कोरं पान समोर आलं की लगेच प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला द्यायचं वर्णन, लिहायला बसतेस, असं तू पुढे सविस्तर लिहिलंयस. पण कुठे उभं राहून बघायचं, कशाकडे बघायचं, काय सोडून द्यायचं, हे ठरवणं म्हणजेच चित्र काढणं. ते ठरवायच्या आधीच तू खुर्ची मशीनला देतेस. मग समोर आलेल्या चार चित्रांतलं एक निवडणं एवढंच तुझ्याकडे उरतं. निवडलेली वस्तू आवडू शकते, पण ती काढलेली वाटत नाही. तुला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय.

मी गेली चोवीस वर्षं कोल्हापुरात पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पॅकेजिंगचं काम करते. दोन वर्षांपूर्वीचं एक काम सांगते, कारण माझी कामाची पद्धत त्यात ठरली.

जात्यावरच्या ओव्यांच्या एका संग्रहाचं मुखपृष्ठ होतं. वेळ कमी होता. मी मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय साधनात इंग्रजीत लिहिलं: महाराष्ट्रातल्या दोन बाया पहाटे जात्यावर दळताहेत, कंदिलाचा उजेड. मिनिटभरात चार चित्रं आली. उजेड सुंदर, धूळ सुंदर, चेहरे तर सिनेमातल्यासारखे. आणि जातं? एका चित्रात ते खलबत्त्यासारखं होतं. दुसऱ्यात वरच्या तळीच्या बरोब्बर मधोमध खुंटा उभा होता. तिसऱ्यात बाई उकिडवी बसून थाळीत काहीतरी कालवत होती. लुगडी नव्हतीच, घागऱ्यासारखं काहीतरी होतं, आणि नथ उजव्या नाकपुडीत.

खुंटा मधोमध असेल तर जातं फिरणारच नाही. मध्ये असते ती खीळ, तिच्यावर वरची तळी तोलली जाते. तिथेच तोंड असतं, त्यात घास टाकायचा. खुंटा कडेला ठोकलेला असतो, म्हणून तर जोर लागतो आणि तळी गरगरते. ज्या बाईने आयुष्यभर दळलं तिच्या ओव्यांच्या पुस्तकावर न फिरणारं जातं छापायचं, याची मला लाज वाटली. प्रॉम्प्ट बदलून बदलून मी साठेक चित्रं काढली. खुंटा एकदाही जागेवर आला नाही.

हे का होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ही साधनं शब्द आणि चित्र यांच्या जोड्यांवर शिकतात. स्टेबल डिफ्यूजन हे असंच दुसरं साधन ज्या साठ्याच्या भागांवर शिकलं त्या लायन-५बी मध्ये सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या, त्यातल्या साधारण २३२ कोटी चित्रांखालच्या ओळी इंग्रजीत. जात्याचे किती फोटो असतील त्यात, आणि त्याखाली 'जातं' असं लिहिलेले किती? शिकताना मशीन स्वच्छ चित्रावर थोडी थोडी खरखर टाकतं आणि ती काढायला शिकतं. चित्र बनवताना उलटं: जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या यायच्या ना, तशा मुंग्यांपासून सुरुवात करून वीस-तीस पावलांत ते एकेक थर पुसत जातं, आणि प्रत्येक पावलाला तुझ्या शब्दांशी जवळचं काय दिसेल ते ओढून आणतं. जे लाखो वेळा पाहिलंय ते नेमकं येतं: सूर्यास्त, कंदील, सुंदर चेहरा. जे क्वचित पाहिलंय त्याच्या जागी शेजारचं काहीतरी येतं. म्हणून जात्याचा खलबत्ता झाला. वस्तू कशी चालते हे त्याला ठाऊक नसतं, कशी दिसते एवढंच ठाऊक असतं. आता नवी साधनं आली आहेत, बरीच सुधारली आहेत, तरी आपल्याकडच्या वस्तूंच्या बाबतीत हा अनुभव मला अजून दर आठवड्याला येतो. ताकाची रवी, मोट, पाभर, कुठलंही नाव घालून बघ.

मग मी ते सगळं बंद केलं आणि रविवारी आजऱ्याकडे आत्तीच्या गावी गेले. तिच्या सोप्यात जातं अजून आहे. तिला बसवलं आणि दोन तास फक्त रेखाटनं केली. एक पाय लांब पसरलेला, दुसरा दुमडलेला, जातं त्या दोन्हींच्या मधे. खुंटा आपल्याकडे येतो तेव्हा पाठ मागे जाते, लांब जातो तेव्हा खांदा उतरतो. तळीच्या भोवती पीठ पडतं ते सगळीकडे सारखं पडत नाही. वही भरली. त्यातल्या एका रेखाटनात वरून, जवळजवळ आढ्यावरून बघितल्यासारखा कोन सापडला: दोन बाया समोरासमोर, मधे जात्याचं वर्तुळ, चार हात. मुखपृष्ठ तिथे मिळालं. त्या क्षणापर्यंत एआय कुठेही नव्हतं.

ते रेखाटन नीट काळ्या रेषेत उतरवून स्कॅन केलं आणि मग मशीनकडे गेले. इथे तुला दोन गोष्टी शिकायलाच हव्यात. एक, कंट्रोलनेट, ही स्टेबल डिफ्यूजनला जोडायची सोय. २०२३ च्या फेब्रुवारीत ते आलं आणि आमच्यासारख्या हाताने काढणाऱ्यांसाठी सगळा खेळच बदलला. तू रेषा देतेस, मशीन त्या रेषेच्या आत राहून रंग, पोत, उजेड भरतं. खुंटा कुठे आहे हे मग मशीनला विचारायचं नसतं, तू सांगितलेलं असतं. दुसरी, चित्रावरून चित्र करताना येणारा डीनॉइझिंगचा आकडा. ० म्हणजे तुझं चित्र जसंच्या तसं परत, १ म्हणजे तुझं चित्र जवळपास विसरून नवीन. बरेच जण ०.७५ च्या आसपास ठेवतात, कारण तिथे डोळे दिपतात. मी ०.३५ ते ०.४५ मध्ये राहते. ०.३५ ला माझी पेन्सिलीची रेघ अजून श्वास घेत असते. ०.५ ओलांडलं की बायांचे चेहरे सारखे दिसायला लागतात, वय उतरतं, हाताच्या शिरा जातात. माझ्या आत्तीच्या हातावरच्या शिरा मला हव्या होत्या.

एकाच रेखाटनावर वेगवेगळे उजेड मी तपासले: कंदील, पहाटेचा निळा, चुलीचा तांबडा. हे जलरंगात करायचं तर आठवडा गेला असता. मशीनने ते दुपारभरात दाखवलं, आणि त्याचा मला खरोखर फायदा झाला, कारण चुलीचा उजेड डोक्यात पक्का होता तो बघितल्यावर चूक निघाला. वरून बघताना तो उजेड बायांच्या अंगावर पडतच नाही. पहाटेचा निळा ठेवला. प्रत्येक चित्राचा सीड नंबर, म्हणजे ज्या आकड्यावरून मशीन सुरुवातीच्या मुंग्या टाकतं तो, वहीत लिहून ठेव, नाहीतर मंगळवारी आवडलेलं चित्र गुरुवारी परत सापडणार नाही.

त्यातलं एक घेऊन कागदावर फिकट छापलं आणि त्यावर गॉशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, पुन्हा रंगवलं. कच्ची प्रत आत्तीला दाखवली. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "चारी हात खुंट्यालाच हाईत की गं. मग घास कोण घालणार?" बरोबर होतं तिचं. माझ्या रेखाटनात एका बाईचा डावा हात जात्याच्या तोंडाशी होता, पण रेघ अस्पष्ट होती. मशीनने तो ओढून खुंट्यावर नेला, आणि मी त्यावरूनच रंगवत गेले. तो हात मी पुसून पुन्हा काढला, मुठीतून चार दाणे पडताना. छापलेल्या मुखपृष्ठात लोक त्या दाण्यांबद्दलच बोलतात.

आता छपाई, कारण इंटर्नशिपमध्ये हे तुला कुणी शिकवणार नाही. डेमी आकाराचं मुखपृष्ठ साडेपाच बाय साडेआठ इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ते १६५० बाय २५५० पिक्सेल झालं, शिवाय चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा. मशीनचं चित्र बऱ्याचदा १०२४ पिक्सेलच्या आसपास असतं, म्हणजे ३०० डीपीआयला जेमतेम ३.४ इंच. मग लोक एआयनेच ते मोठं करतात. मोठं करताना मशीन नसलेला तपशील स्वतःहून भरतं. माझ्या जात्याच्या दगडावर छिन्नीच्या खुणा होत्या, त्यांची त्याने पानाफुलांची नक्षी करून टाकली. लुगड्याच्या काठात एक आकृती तयार झाली जी कुठल्याही मागावर विणता येणार नाही. मोठं केलेलं चित्र शंभर टक्क्यांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोट ठेवून बघायचं.

रंगाचंही तसंच. मशीनची चित्रं पडद्यासाठी जन्मलेली असतात. एका घरगुती मसाल्याच्या पाकिटासाठी मी एकदा भडक नारिंगी ठेवला, पडद्यावर निखाऱ्यासारखा दिसत होता. सीएमवायके प्रूफ, म्हणजे छपाईच्या चार शाईंतला नमुना, न बघता फाइल पाठवली, आणि छापून आला तो वाळलेल्या विटेसारखा. पाच हजार पाकिटं. चूक माझी होती, पैसे मी भरले.

अक्षरांबद्दल माझं मत ठाम आहे: देवनागरी मशीनकडून काढून घेऊ नकोस. सुरुवातीच्या साधनांना 'श्रावण' लिहायला सांगितलं की वर एक सरळ शिरोरेषा यायची आणि खाली अक्षरासारख्या दिसणाऱ्या गाठी. अक्षर हे त्यांच्यासाठी नुसता आकार होता, श्र नंतर काना, मग व आणि मग ण असा क्रम त्यात नव्हताच. आता छोटे शब्द बरे येतात. जोडाक्षरात मात्र अजून घसरतं, आणि ल, श बहुतेक वेळा हिंदी वळणाचे येतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श डोळ्यांना कळतो, वाचकाला नाव सांगता आलं नाही तरी काहीतरी परकं आहे हे जाणवतं. ज्या भाषेत कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना चेहरे दिले आणि र. कृ. जोशींनी संगणकावरच्या देवनागरीसाठी आयुष्य घातलं, त्या भाषेत शीर्षक मशीनवर सोडायचं काही कारण नाही. बोरू घे, शाई घे, पन्नास वेळा लिही, त्यातलं एक स्कॅन कर. घाई असेल तर 'एक टाइप' नावाच्या संस्थेसारख्या आपल्याच मंडळींनी केलेले मुक्ता, बालू असे मोफत फॉन्ट आहेत. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये मराठी निवड आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळण येतं का ते तपासून बघ.

तू विचारलंयस की स्वतःच्या शैलीवर मशीन शिकवता येतं का. येतं. त्याला लोरा म्हणतात. मूळ मॉडेल तसंच ठेवून त्यावर एक छोटी पुरवणी शिकवायची. मी माझी शाईची चाळीस रेखाटनं दिली, प्रत्येकाखाली काय आहे ते लिहिलं, आणि १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर रात्रभर चालवलं. सकाळी जे आलं त्याने मी गप्प झाले. रेघ माझीच वाटत होती. पण त्याने काढलेल्या सगळ्याच चित्रांत चेहरे डावीकडे वळलेले आले, कारण मी उजव्या हाताने काढते आणि माझे चेहरे डावीकडेच वळतात, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कागद सगळीकडे पिवळट आला, कारण निम्म्या रेखाटनांचे फोटो मी दिव्याच्या उजेडात मोबाइलने काढले होते. तेव्हापासून मी मुद्दाम उजवीकडे वळलेले चेहरे काढते. ती पुरवणी मी कामात फारशी वापरत नाही. स्वतःच्या सवयी बघायचा आरसा म्हणून मात्र तू हा प्रयोग नक्की कर, आणि फक्त स्वतःच्या चित्रांवर कर.

फक्त स्वतःच्या, हे मी का म्हणतेय ते सांगते. प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव घालायचं नाही, हा माझा पहिला नियम. त्या माणसाने वीस-तीस वर्षं खर्चून जे कमावलं ते त्याला न विचारता, त्याच्याच पोटावर पाय देत वापरायचं, हे मला जमत नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लेझ नावाचं मोफत साधन केलं आहे, त्याने चित्रात डोळ्यांना सहसा न जाणवणारे बदल होतात आणि मशीनला त्यातली शैली उचलणं अवघड जातं. ते पूर्ण कवच नव्हे, पण तू चित्रं इंटरनेटवर टाकतेस तर माहीत असू दे.

दुसरा नियम वारलीचा. तू पाठवलेल्या फोल्डरमध्ये 'वारली स्टाइल' नावाची अकरा चित्रं आहेत, ती बघून मला वाईट वाटलं. दोन त्रिकोण आणि एक गोल म्हणजे वारली नव्हे. तुझ्या चित्रातला तारपा नाच नीट बघ; तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. नाचणारे वाटेल त्या दिशेला तोंड करून आहेत, दोघांची पाठ तारपावाल्याकडे आहे. खऱ्या नाचात साखळी तारप्याच्या मागून वळसा घेत जाते, त्याच्याकडे पाठ करायची नसते. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकात पालघाट देवी असते, तो चौक सवाशिणी लिहितात, शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. डहाणू, जव्हार, तलासरीकडे आज चित्रं काढून घर चालवणारी माणसं आहेत. ग्राहकाला वारली हवी असेल तर त्यांना काम दे, त्यांचं नाव छाप. ती अकरा चित्रं पोर्टफोलिओतून काढून टाक.

हक्कांचा प्रश्न अजून कच्चा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीने, संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं आलं. पण तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर आजचं मशीन नव्हतं. अमेरिकेत २०२३ मध्ये मिडजर्नीने केलेल्या चित्रांच्या एका कॉमिकचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण मिळालं, सुट्या चित्रांना नाही. म्हणजे हाताचं काम जिथे आहे तिथे हक्क सांगायला जागा आहे. म्हणून रेखाटनं, मधल्या फाइली, तारखा जपून ठेव. आणि ग्राहकाला आधी लेखी सांग की कुठल्या टप्प्यावर एआय वापरलं आहे. मी सांगते. आजवर एकानेच काम काढून घेतलं, आणि तो त्याचा अधिकार होता.

तुझ्या सरांवर चिडू नकोस. ते तुझा हात वाचवायला बघताहेत. तिसऱ्या वर्षाला मानवी आकृती हातात बसायची असते, ती आत्ता बसली नाही तर मशीनने वाकडा काढलेला खांदा तुला दिसणारच नाही, माझ्या चार हातांसारखं होईल आणि दाखवायला आत्ती नसेल. पण पूर्ण बंदीही मला पटत नाही. ब्रिटिश चित्रकार हॅरॉल्ड कोहेन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आरन नावाचा चित्र काढणारा प्रोग्राम घडवत होता. रेषा कशी वळावी याचे नियम त्याने स्वतः लिहिले आणि मशीनने काढलेल्या रेषांत अनेकदा रंग स्वतः भरले. ते प्रयोग होते, कारण मशीनला काय विचारायचं हे त्याला ठाऊक होतं. सरांना तू नुसतं शेवटचं चित्र दाखवतेस. वही, स्कॅन, फसलेली दहा, हाताने दुरुस्त केलेलं एक, अशी ओळीने मांडून दाखव. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांचंही मी तेच बघते.

आणि दहा पर्यायांचं. मी तिथे असते तर तीन दिले असते. हाताने काढलेल्या अंगठ्याएवढ्या तीन मांडण्या, प्रत्येकीमागे एक वेगळा विचार. एकाच विचाराला दहा रंग लावले की ग्राहक गोंधळतो आणि शेवटी 'पहिल्यातलं हे आणि सातव्यातलं ते एकत्र करा' म्हणतो. दहाच हवे असतील तर त्या तीन मांडण्यांवर मशीनने रंगसंगती बदलून दे. त्यासाठी ते उत्तम आहे. फोटोची पार्श्वभूमी वाढवणं, तार पुसणं, पाकिटाचा नमुना टेबलावर ठेवलेला दाखवणं, अशी हमाली फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलला खुशाल दे.

येत्या महिन्यात एवढं कर. तुझ्या घरातली एक चालणारी वस्तू निवड: विळी, शिवणयंत्र, सोऱ्या, काहीही. आठ दिवस रोज ती वापरताना बघून काढ, एआय उघडायचं नाही. नवव्या दिवशी सगळ्यात चांगलं रेखाटन स्कॅन करून कंट्रोलनेटला दे, डीनॉइझिंग ०.३, ०.४५, ०.६, ०.८ असं वाढवत चार चित्रं काढ, सीड तोच ठेव. चारही छापून भिंतीवर लाव आणि ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाला विचार की कुठल्या चित्रातली वस्तू चालेल. ज्या आकड्याला ती चालेनाशी होते तो वहीत लिही.

तुझ्या लॅपटॉपला ४ जीबीचं कार्ड आहे असं तू लिहिलंयस. त्यावर स्टेबल डिफ्यूजन १.५ हळू का होईना चालेल, ५१२ पिक्सेलवर, कंट्रोलनेट एकावेळी एकच लाव. एसडीएक्सएलच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या आवृत्तीच्या, मागे लागू नकोस, लॅपटॉप तापून बसेल. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, दुपारच्या सावलीतल्या उजेडात, कागद सपाट ठेवून फोटो घे. दिव्याखाली नको.